तेराव्याची गादी

"तुझ्या आईला सांग, गादी चांगली पायजे," आण्णा म्हणाले.

आई तिथंच होती. आण्णा सोप्यातल्या खांबाला टेकून बसले होते, आई आतल्या दाराच्या उंबऱ्याशी, आणि मधे मी तांदूळ निवडत. दोघांच्या मधे फार तर दोन पाट मांडता आले असते, पण निरोप माझ्याकडूनच जायचा. आण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नसे, आणि भावजय तर त्याच्याशी नाहीच नाही. आईच्या लग्नानंतर मी जन्मले, शिकले, बालवाडीत बाई म्हणून लागले, तरी त्या दोघांत एक शब्द झालेला नव्हता. आधी निरोप्याचं काम बाबा करत. बाबांना लकवा झाला, जीभ जड पडली, तसं ते माझ्याकडं आलं.

"आई, आण्णा म्हणतात गादी चांगली पाहिजे."

"ऐकलं. कसली गादी, विचार."

"आण्णा, आई विचारते कसली गादी."

"शय्यादानाची!" आण्णा माझ्यावरच खेकसले. "तेराव्याला शय्यादान नको का करायला? दोन वर्षं माझा भाऊ अंथरुणात खितपत पडला. आता वर गेल्यावर बी त्याला दगडावर निजवायचं का?"

एवढं बोलून ते उपरण्याच्या टोकानं डोळे पुसायला लागले. ते डोळे खरे होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून आण्णा ढोंगी होते असं तुम्हाला वाटेल. ढोंगी नव्हते. भावावर त्यांचा जीव होता, आणि मेलेल्या माणसाला इथं दिलेली गादी तिकडं पोचते यावर त्यांचा सूर्य उगवण्याइतका विश्वास होता. गादी, उशी, चादर, छत्री, चपला, तांब्या असं सगळं मांडून ब्राह्मणाला द्यायचं, की मेलेला माणूस वाटेत उन्हात पोळत नाही आणि पोचल्यावर उघड्यावर झोपत नाही. छत्री आणि चपला आण्णांनी आणल्याही होत्या. गादीचे पैसे कोण देणार हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला विचारायचीही गरज नव्हती. आमच्या घरात रोकड म्हणून जी काही होती ती आईच्या शिलाई मशीनच्या खणात होती. लग्नसराईत ब्लाउज शिवून साठवलेले नऊशे रुपये. ते नऊशे रुपये कशासाठी आहेत हे मला ठाऊक होतं.

ते आईच्या गादीसाठी होते.

आमच्या घरात एकच कॉट होती, लोखंडी, आणि एकच गादी. तीवर बाबा झोपत. बाबा धडधाकट होते तेव्हाही तेच झोपत, कारण ते घरातले पुरुष. मग लकवा झाला, तेव्हा तर प्रश्नच मिटला. आई कॉटच्या शेजारी, शहाबादी फरशीवर एक गोधडी टाकून झोपायची. दिवसभर मशीनवर वाकायचं आणि रात्री फरशीवर पाठ टेकायची. गेल्या वर्षापासून सकाळी तिला एका झटक्यात उठता येत नसे. आधी कुशीवर व्हायची, मग कॉटचा पाय धरायची, मग गुडघा टेकायची आणि मग हुं करून उभी राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, फरशीवर झोपणं बंद करा, नाहीतर मशीन बंद करावं लागेल. मशीन बंद म्हणजे आमची चूल निम्मी बंद. माझ्या बालवाडीच्या पगारात चहा-साखर भागायची, बाकीचं घर आईच्या पाठीवर चाललं होतं. मी हे शब्दशः म्हणते.

बाबा गेले त्याच दिवशी भावकीतली माणसं त्यांची गादी गुंडाळून ओढ्यापलीकडं टाकून आली. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. आता कॉट नुसत्या पट्ट्यांची उभी होती. सुतकात घरातले सगळेच जमिनीवर झोपतात, त्यामुळं त्या दिवसांत आई सगळ्यांसारखीच होती आणि तिच्या पाठीकडं कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं.

"आण्णा, गादी घेतली तर आधी आईला घेऊ," मी म्हणाले. माझं मीच. हा निरोप कुणाचाच नव्हता. "तिला डॉक्टरांनी सांगितलंय."

"आई कुठं पळून चाललीय? तिला दिवाळीला घेऊ."

"कोण घेणार दिवाळीला?"

"वैजू," आतून आई म्हणाली. "गप बस. त्यांना सांग, गादी आणते म्हणावं. चांगली आणते."

मी आईकडं बघत राहिले. निवडलेले तांदूळ पुन्हा खड्यांत मिसळावेत असं मला झालं.

"अरविंद आणंल की," आण्णा खूश होऊन म्हणाले. अरविंद त्यांचा मुलगा. बाबांना मुलगा नव्हता म्हणून सगळे विधी तोच करत होता. "पैसे त्याच्याकडं दे म्हणावं."

"न्हाई. गादी मी बघून आणणार," आई म्हणाली.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी तो निरोप जसाच्या तसा दिला आणि देताना मला जरा बरं वाटलं.

"दुखवट्यातली बाई बाजारात जाणार? तेरावा व्हायच्या आत? गल्ली काय म्हणंल?"

"त्यांना म्हणावं, पैसे माझ्या हातानं मिळवलेले हायत. गादी बी माझ्याच हातानं निवडणार. मागच्या गल्लीनं जाते."

* * *

बाराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. आईनं पदर कानापर्यंत ओढला होता. कपाळ मोकळं. मागच्या गल्लीनं जाते म्हणाली होती, पण दारातून बाहेर पडली ती सरळ पुढच्या रस्त्याला लागली. मी तिच्याशी कालपासून बोलतच नव्हते.

रसूलमामा नदाफांचं दुकान स्टँडच्या मागं होतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजायचं काम. आता पिंजायला विजेचं यंत्र आलं होतं आणि मामांच्या भुवयांवर कायम पांढरी लव असायची. दुकान कसलं, रस्त्याला उघडी असलेली एक लांब खोली. अर्ध्या खोलीत कापूस, अर्ध्या खोलीत गाद्या.

"या वैनी," मामा उठून उभे राहिले. बाबांचं त्यांना कळलं होतं. त्याबद्दल दोन शब्द बोलले, मग जरा घुटमळून म्हणाले, "दानाची पायजे का वापरायची?"

"दानाची," मी म्हणाले. तोंड कडू झालं होतं.

मामांनी कोपऱ्यातली एक गादी ओढून पुढ्यात टाकली. वर लालभडक साटीन, त्यावर सोनेरी मोर. आईनं कोपर टेकवून दाबलं. कोपर सरळ जमिनीला लागलं.

"आत काय हाय?"

"चिंध्या," मामा प्रामाणिकपणे म्हणाले. "वैनी, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? दानाला सगळे हीच नेतात. वरनं झगमगीत दिसती, दोनशेत काम होतंय. गेलेला माणूस काय तक्रार घिऊन परत येतोय का? आणि खरं सांगू का, ही गादी चार दिवसांनी परत माझ्याकडंच येती. गुरुजींना तरी किती गाद्या लागणार? ह्या मोराला मी पाच-सहा वेळा तरी इकला असंल."

मला वाटलं, चला, सुटलो. दोनशे रुपयांत आण्णांचं तोंड बंद आणि सातशे हातात. मोर तर मोर. मी आईच्या दंडाला हात लावला.

"ही नको," आई म्हणाली. "चांगली दाखवा. माणूस नीट झोपंल अशी."

"आई!"

"तू गप."

मामांनी मग गाद्यांची रांगच लावली. पहिली फोमची, कंपनीची, प्लॅस्टिकच्या आवरणात. भिंतीवर तिची जाहिरात होती, एक गोरी बाई गालाखाली हात घेऊन हसत झोपलेली. किंमत ऐकून आईनं ती बाजूला सारायला पाहिजे होती, पण नाही. तिला बघायची होतीच.

"झोपून बघा, वैनी. गादी हातानं कळत न्हाई," मामा म्हणाले आणि आपण होऊन पाठ फिरवून रस्त्याकडं तोंड केलं.

आईनं रस्त्याकडं बघितलं. समोर चहाची टपरी, तिच्यापुढं चार बाकडी, बाकड्यांवर माणसं. आमच्या घरात आडवी झालेली बाई पुरुषांच्या नजरेला पडायची नाही असा दंडक होता. झोपायचं सगळ्यांच्या नंतर, उठायचं सगळ्यांच्या आधी. दुपारी पाठ टेकलीच तर आतल्या खोलीत, दार लोटून, आणि पावलं वाजली की उठून बसायचं. मी पंचवीस वर्षांची होते आणि आईला गाढ झोपलेलं मी कधी बघितलेलं नव्हतं.

"वैजू, तू झोप," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय रसूलमामांना झोपवू? माझ्याएवढीच हायस तू. झोप."

झोपले. दुसरं काय करणार! भर सकाळी, स्टँडच्या मागं, चहा पिणाऱ्या चौदाजणांच्या साक्षीनं मी फोमच्या गादीवर उताणी झोपले आणि वरच्या पत्र्याकडं बघत मनातल्या मनात माझ्या मेलेल्या बापाला, जिवंत काकाला आणि शेजारी उभ्या असलेल्या आईला एका दमात शिव्या घातल्या.

"कंबर कुठं गेली तुझी?" आई वाकून बघत होती. तिनं माझ्या कमरेखाली हात घालायचा प्रयत्न केला. "पार खड्ड्यात गेली. कुशीवर हो. खांदा टोचतोय का? न्हाई? उठून बघ आता. पटकन न्हाई, हळू. हाताचा आधार न घेता उठता येतंय का?"

"आई, त्यांना काय उठायचंय आता?"

तिनं गादीवरून हात काढला. मामांकडं वळून म्हणाली, "ही नको. माणूस आत गेला की वर येत न्हाई."

दुसरी काथ्याची. ती फळीसारखी टणक होती आणि तिच्यातून काथ्या टोचत होता. तिसरी फोमच्या तुकड्यांची, आत गठुळ्या. प्रत्येकीवर मी झोपले, प्रत्येकीवर कुशी बदलली, प्रत्येकीवरून हाताचा आधार न घेता उठून दाखवलं. टपरीवरच्या एकानं हसून काहीतरी म्हटलं, तेव्हा आईनं तिथूनच आवाज दिला, "चहा निवतोय तुमचा, तो बघा." दुखवट्यातली बाई, कपाळ मोकळं. माणूस मुकाट्यानं कपात बघायला लागला.

शेवटी मामांनी कापसाची गादी दाखवली. नवा कापूस, चांगला पिंजलेला. मी झोपले आणि, खरं सांगते, मला उठावंसं वाटेना. गादी खाली गेली नाही, वर टोचली नाही. पाठ जिथं पाहिजे तिथं होती.

"ही," आई म्हणाली.

"अकराशे," मामा म्हणाले. "तुमची जुनी गादी असती तर तिच्यातलाच कापूस पिंजून, थोडा नवा घालून सहाशेत करून दिली असती. जुनी हाय का?"

"ती त्यांच्याबरोबर गेली."

"मग अकराशे होतात वैनी. ह्यात माझं फार काय न्हाई."

"माझ्याकडं नऊशे हायत."

मामांनी डोकं खाजवलं. "कापूस कमी घालू का मग?"

"कापूस कमी करायचा न्हाई. खोळीचं किती धरलंय?"

"कापड आणि शिलाई मिळून पावणेतीनशे. साटीन हाय."

"साटीन नको. ते पट्ट्यापट्ट्याचं जाड कापड द्या, ते टिकतंय. आणि शिलाई मी करते. ती मशीन चालू हाय न्हवं?"

दुकानाच्या तोंडाशी, अगदी रस्त्यावर, मामांची खोळी शिवायची मशीन होती. मामा आईकडं बघायला लागले, मग माझ्याकडं. "वैनी, आज बारावा दिवस. लोक..."

"लोकांना काय करायचंय ते करू दे. कापड द्या."

आम्ही जातीनं शिंपी. आईच्या हातात कापड पडलं की ती दुसरीच बाई व्हायची. तिनं पदर खोचला, स्टूल पुढं ओढलं आणि बसली. रस्त्यानं जाणारी दोन-तीन माणसं ओळखीची होती. एक बाई थबकली, तोंडावर हात ठेवून पुढं गेली. ती कुठं जाऊन काय सांगणार हे मला आणि आईला दोघींना ठाऊक होतं. मशीन खडखडत राहिली. आईनं खोळीला दुहेरी शिवण घातली. कोपरे वेगळे पक्के केले. एवढं जीव लावून तिनं कुठल्या नवरीचा ब्लाउजही शिवला नसेल, आणि ते बघताना मला तिचाच राग येत होता. ज्या माणसानं जन्मभर हिला फरशीवर झोपवलं त्याला ही ढगात पाठवायला दुहेरी शिवण घालते आहे! बाबा वाईट नव्हते. दर दिवाळीला म्हणायचे, पुढच्या दिवाळीला तुलाही एक गादी करू. म्हणायचे आणि विसरायचे. मला त्यांचा राग होता, तो ते गेल्यावर कमी व्हायला पाहिजे होता, पण झाला नव्हता.

मामांनी खोळीत कापूस भरला, काठीनं बडवून सगळीकडं सारखा केला आणि दाभणानं टाके घातले. आई प्रत्येक टाक्याला "अजून जरा ओढा" म्हणत होती. नऊशे रुपये मामांच्या हातावर ठेवून आम्ही गादी हातगाडीवर टाकली. गाडीवाला पुढं, आई मागं, तिच्या मागं मी.

"मेलेल्या माणसाला एवढी?" वाटेत मला राहवलं नाही. "दोनशेच्या मोरात काय वाईट होतं?"

"गप चाल. गादी कलतीय तिकडनं, धर जरा."

* * *

आण्णा गादी बघून हरखले. हातानं दाबून बघितली, पट्ट्यांवरून तळवा फिरवला.

"तुझ्या आईला सांग," ते मला म्हणाले, "भावाची लाज राखलीस म्हणावं."

आई बाजारात गेल्याचं, रस्त्यावर मशीन चालवल्याचं त्यांच्या कानावर आलं होतंच. पण गादी एवढी झकास निघाली होती की त्यांनी ते पोटात घातलं. मी तो निरोप दिलाच नाही. आईनं ऐकला होता.

तेराव्याला भावकी जमली. सोप्यात बापेमाणसं, आतल्या खोलीत बायका, परसात स्वयंपाक. आण्णांनी बाबांची कॉट आदल्या रात्रीच सोप्याच्या मधोमध आणून ठेवली होती. कॉट दानात जाणार नव्हती, ती नुसती गादी दिसायला बरी म्हणून. कॉटवर गादी, गादीवर नवी चादर, उशी, उशाशी तांब्या, पायथ्याशी छत्री आणि चपलांचा जोड. आण्णांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आलेल्या माणसांना ते हात धरून गादी दाखवत होते. "नऊशेची," ते दबक्या आवाजात सांगत. जणू त्यांनीच आणली होती.

गुरुजी आले. वयस्क, बारीक, घाईतले. त्यांना त्याच दिवशी अजून एक तेरावा होता. अरविंद पाटावर बसला, पळीपंचपात्र पुढ्यात आलं, मंत्र सुरू झाले. मी आतल्या दाराशी उभी होते. आई उंबऱ्याच्या आत बसली होती, कुणाशी न बोलता, गुडघ्याला हात बांधून. सकाळी ती उठताना मी बघितलं होतं. कॉट सोप्यात नेलेली, त्यामुळं धरायला पाय नव्हता. ती भिंतीला धरत धरत उठली होती.

"आता शय्यादान," गुरुजी म्हणाले. "वस्तू सगळ्या कोऱ्या आहेत ना? वापरलेली वस्तू दानाला चालत नाही."

"कोऱ्या करकरीत!" आण्णा म्हणाले.

"मग घ्या हातात पाणी."

आई उठली. उंबरा ओलांडून सोप्यात आली. बापेमाणसांत आमच्या घरची बाई अशी कधी येत नसे, म्हणून आधी कुणाला काही कळलंच नाही. काहीतरी द्यायला आली असेल असं वाटलं. ती कॉटपाशी गेली. छत्री उचलून खाली ठेवली. चपला उचलल्या, छत्रीशेजारी नीट जुळवून ठेवल्या. तांब्या ठेवला. मग कॉटच्या कडेवर बसली, पाय वर घेतले, साडी पायाखाली सारखी केली आणि सगळ्या भावकीच्या देखत सरळ उताणी झोपली.

मंत्र थांबले. परसातली भांडी तेवढी वाजत होती.

"आता कोरी न्हाई," आई म्हणाली.

"वैजू!" आण्णा ओरडले. "तुझ्या आईला सांग, उठ म्हणावं! हे काय चाललंय?"

मी तोंड उघडलं. पण निरोप द्यायची वेळच आली नाही.

"आण्णा," आई म्हणाली, "मला सांगा. मी हितंच हाय."

आण्णांचा चेहरा असा झाला की भिंतीनं उत्तर दिलं असतं तरी त्यांना कमी धक्का बसला असता. त्यांनी आईकडं बघितलं, लगेच मान फिरवली, पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी मुद्दाम छताकडं बघत राहिले.

"तुमचा भाऊ वर दगडावर झोपंल म्हणून तुमच्या डोळ्याला पाणी आलं," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती छताशीच बोलत होती. "ह्या घरात मी सव्वीस वर्षं दगडावर झोपले. तेव्हा कुणाच्या डोळ्याला आलं न्हाई. ही गादी मी माझ्या पैशानं घेतली, माझ्या हातानं शिवली आणि माझ्या मापाची केली. वैजूला झोपवून झोपवून बघितली. त्यांना द्यायची म्हणून न्हाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाताचा आधार न घेता उठून बघ! मला एकदम मोठ्यानं हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडू, आणि दोन्ही थोपवायला मी चौकट धरली.

"गुरुजी, सांगा हिला!" आण्णा म्हणाले. "माझा भाऊ तिकडं... त्याचं काय?"

गुरुजींनी पळी खाली ठेवली. गादीकडं बघितलं, आईकडं बघितलं. "वापरलेली झाली आता ती," ते म्हणाले. "ही काही मला घेता येणार नाही."

"मग दुसरी आणू! आत्ताच्या आत्ता आणू!"

"आणा की," आई म्हणाली. "नदाफांकडं मोराची हाय. पैसे तेवढे तुमचे घाला."

आण्णांचा हात खिशाकडं गेला नाही. भावकीतल्या कुणाचाच गेला नाही. सगळेजण अचानक आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघायला लागले. त्या शांततेत आतल्या खोलीतून कुणीतरी बाई खुदकन हसली, आणि दुसरीनं तिला चूप केलं. ती पहिली माझी काकू होती, आण्णांची बायको. आवाज मी ओळखला.

गुरुजींना दुसरा तेरावा गाठायचा होता. त्यांनी घसा साफ केला. "असं करू. शास्त्रात यथाशक्ती म्हटलेलं आहे. गादीच्या जागी सुपारी ठेवू, तीवर संकल्प सोडू. छत्री, चपला आहेतच."

"सुपारी चालते?" आण्णांनी विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"चालते."

"मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही," गुरुजी म्हणाले आणि अरविंदच्या तळहातावर पाणी घातलं.

आणि त्यांचे मंत्र पुन्हा सुरू झाले. कॉटच्या एका बाजूला सुपारी, छत्री, चपला, दुसऱ्या बाजूला भावकी, मधे आई. मला वाटलं, आता ती उठेल. म्हणायचं ते म्हणून झालं, करायचं ते करून झालं. सगळ्यांनाच तसं वाटत असावं, कारण सगळे तिकडंच बघत होते. पण तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती कुशीवर वळली, भिंतीकडं तोंड करून. एक हात उशीखाली गेला. खांदा हळूहळू सैल पडला. आणि मग, पळीपंचपात्राच्या किणकिणाटात, सोप्यातल्या तीस-चाळीस बापयांच्या मधोमध, दिवसाढवळ्या माझी आई घोरायला लागली.

ते नाटक नव्हतं. मी जवळ जाऊन बघितलं. तोंड थोडं उघडं होतं. पदर डोक्यावरून घसरला होता. मी तो सारखा करायला हात पुढं केला आणि मागं घेतला. राहू दे म्हटलं.

विधी संपले. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले, जाताना चपला न वाजवता गेले. पानं वाढली, गोडाधोडाचं जेवण झालं. पंगत परसात बसवली, कारण सोप्यात कुणी बसेना. माणसं येत, दाराशी थांबत, कॉटकडं बघत आणि पुढं जात. माझी काकू एकदा आतून आली, खाली पडलेली चादरीची कड उचलून आईच्या पायांवर टाकली आणि माझ्याकडं न बघता परत गेली. मी कॉटच्या उशाशी बैठक मारली होती. जेवायला बोलावलं तरी उठले नाही.

शेवटी आण्णा आले. उपरणं खांद्यावर, निघायच्या तयारीत. माझ्यापुढं उभे राहिले. आईकडं त्यांनी बघितलं नाही.

"वैजू," ते नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला सांग..."

"हळू बोला, आण्णा," मी म्हणाले. "आई झोपलीय."